गेम लावला की पीसी बंद पडतो? पार्ट बदलण्याआधी भिंतीतला बोर्ड तपासा

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या भागात पहिल्यांदाच स्वतः गेमिंग पीसी जोडणाऱ्या पोरांकडून एक तक्रार सारखी येते: "भाऊ, सगळं बराबर चालते, पण गेम लावला का पीसी बंद पडून राहिला." विंडोज उघडतं, यूट्यूब चालतं, वॅलोरंटसुद्धा तासभर निभावतो. जीटीए फाइव्ह किंवा सायबरपंक लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी. कधी पीसी आपोआप परत सुरू होतो, कधी होत नाही. दोन दिवस बरे जातात आणि परत तेच.

ऑनलाइन शोधलं तर सल्ला मिळतो तो असा: एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदला, ग्राफिक्स कार्ड परत करा, मदरबोर्ड खराब असेल. सल्ला देणाऱ्याच्या घरी भिंतीतून नीट २३० व्होल्ट येतात, अर्थिंग असतं आणि खोलीत पंचवीस-सव्वीस अंश असतात. आपल्याकडे यातलं एकही गृहीत धरता येत नाही. म्हणून तपासणीचा क्रमही उलटा ठेवावा लागतो: आधी घराची वीज, मग उष्णता आणि धूळ, आणि सगळ्यात शेवटी पार्ट. बापानं सोयाबीन विकून दिलेल्या पैशातून घेतलेलं कार्ड कुरिअरनं इकडून तिकडे फिरवण्याआधी एवढं तपासाच. यातल्या बऱ्याच तपासण्या फुकट आहेत.

बंद कसा पडतो ते आधी नीट पाहा

पंखे, लाइट सगळं एका क्षणात गेलं, पॉवरचं बटण दाबूनही काही होत नाही, आणि मागचा स्विच बंद करून अर्धा-एक मिनिट थांबल्यावरच पीसी उठतो, असं असेल तर एसएमपीएसनं स्वतःला वाचवलं आहे. लोड जास्त झाला, कुठं शॉर्ट झालं किंवा आतलं तापमान वाढलं की तो आउटपुट तोडतो, आणि वीज पूर्ण काढल्याशिवाय परत देत नाही.

सगळं क्षणभर गेलं, पीसी आपोआप परत सुरू झाला आणि त्याच वेळी सीलिंग फॅनही मंदावला, तर संशय घराच्या विजेवर. इथं एलईडी बल्बवर भरवसा ठेवू नका. त्याच्या ड्रायव्हरला कमी व्होल्टेजही चालतं, त्यामुळे बल्ब तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं की लाइन बरोबर आहे. फॅनचा आवाज ऐका, तो लगेच उतरतो.

स्क्रीन काळी झाली, पण पंखे सुरू आहेत आणि हेडफोनमधून गेमचा आवाज येतोय, तर ग्राफिक्स कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा ड्रायव्हरकडे बघायचं. गेम आधी अडखळायला लागला, फ्रेम पडल्या आणि मग बंद झाला, तर उष्णता. निळी स्क्रीन आली, तर बहुतेक वेळा रॅम किंवा ड्रायव्हर.

निळी स्क्रीन अनेकदा दिसतच नाही, कारण विंडोज लगेच रिस्टार्ट करतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे; तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढून टाका. मग निळी स्क्रीन तशीच थांबेल आणि त्यावरचा कोड फोटोत घेता येईल.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला की 'कर्नल-पॉवर ४१' लाल रंगात दिसतो आणि पोरं तोच आकडा घेऊन शोधत बसतात. त्या ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का बंद झालं, ते त्यात नसतं. त्याच नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी पुरवठा, एसएमपीएस किंवा उष्णता यांच्याकडेच आधी बघायचं. आसपास 'डब्ल्यूएचईए-लॉगर १८' अशी नोंद असेल, तर प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज किंवा बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या) सेटिंगकडे वळा.

आणखी एक काम आजच करा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, सेन्सर्सची खिडकी उघडा आणि लॉगिंग सुरू करून गेम खेळा. पीसी बंद पडला की परत सुरू करून ती फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि शेवटची ओळ वाचा. बंद पडायच्या क्षणी प्रोसेसर ६८ अंशांवर होता की ९८, हे तिथं लिहिलेलं असतं. अंदाज बांधत बसायची गरजच उरत नाही.

दुसऱ्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) नेऊन खेळा

सगळ्यात उपयोगाची तपासणी हीच, आणि हीच कोणी करत नाही. कॅबिनेट उचला आणि तालुक्याला मामाकडे, बहिणीकडे, मित्राकडे न्या. गावातल्या गावात न्यायचं असेल, तर दुसऱ्या डीपीवरचं घर पाहा. पीसी तोच, केबल त्याच, गेम तोच, वेळही शक्यतो संध्याकाळचीच. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र आपला नेऊ नका, तिथल्या भिंतीतल्या सॉकेटलाच लावा.

तिथं दोन-तीन तास नीट चालला तर तुमच्या पार्टांना दोष देणं थांबवा. दुखणं तुमच्या घरात किंवा खांबावर आहे. तिथंही तसाच बंद पडला, तर विजेचा विषय बाजूला ठेवून थेट उष्णता आणि कॅबिनेटच्या आतल्या भागाकडे जा. एका संध्याकाळीत अर्धा शोध संपतो. नेताना कार्ड जड असेल तर काढून त्याच्या खोक्यात ठेवा, कारण आपल्या रस्त्यांवर मोटरसायकलवरून नेताना कार्डाचा स्लॉट मोडू शकतो.

सॉकेटपासून मीटरपर्यंत

साधा डिजिटल मल्टिमीटर तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो. गेमिंग पीसी ठेवणाऱ्या घरात तो असावा. मोजताना लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब सॉकेटमध्ये घातले, तर थेट शॉर्ट होतो. चाकी एसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवायची.

सॉकेटमध्ये तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. ही मापं दुपारी दोनला घेऊन उपयोग नाही. गेम सुरू असताना, कूलर चालू असताना, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान घ्या. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुरू असतं, तेव्हा ज्या गावांत शेतीपंप आणि घरं एकाच लाइनवर आहेत तिथं तर रात्रीही घ्या. ज्या गावाचा गावठाण फीडर (घरांची लाइन) वेगळा झाला आहे, तिथं हा त्रास कमी असतो.

फेज-न्यूट्रल २१० ते २४० च्या आसपास असेल तर ठीक. संध्याकाळी १७०-१८० वर येत असेल, तर पीसीच्या मागे वाकून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. 'एसी इनपुट १००–२४० व्होल्ट' असं असेल, तर १७० वरही तो निभावतो, फक्त करंट जास्त ओढतो. '२००–२४० व्होल्ट' असं असेल, तर तुमचं उत्तर तिथंच छापलेलं आहे. चांगल्या नावाचे, चांगल्या वॅटचे बरेच स्वस्त एसएमपीएस या दुसऱ्या प्रकारचे असतात. शहरात ते वर्षानुवर्षं चालतात. आपल्याकडे संध्याकाळी आठला, लाइन पडलेली आणि कार्ड पूर्ण लोडवर, अशा वेळी ते हात टेकतात. विकत घेताना सगळे वॅट बघतात, कार्यक्षमतेचा ब्रॉन्झ-गोल्डचा शिक्का बघतात. ही एक ओळ कोणी वाचत नाही. गावाकडे पीसी जोडणाऱ्यानं माझ्या मते ती सगळ्यात आधी वाचावी.

हिशेबही साधा आहे. गेम चालताना पीसी आणि मॉनिटर मिळून भिंतीतून ४०० वॅट घेत असतील, तर २३० व्होल्टला करंट होतो साधारण पावणेदोन अँपिअर आणि १७० ला होतो २.३५. सहा अँपिअरच्या सॉकेटला हे दोन्ही जड नाहीत. त्रास होतो तो सैल सांध्यांना. ढिल्या पत्तीचं सॉकेट, बाजारातला बारीक तारेचा एक्स्टेन्शन, दोन पिनचा कन्व्हर्टर, त्यात अजून एक मल्टिप्लग. अर्धा तास गेम खेळून झाल्यावर पीसी बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिनांच्या जवळचा भाग हातानं चाचपा. कोमट-गरम लागला, पिनेवर काळा डाग दिसला, किंवा प्लग घालताना 'चर्र' असा आवाज येत असेल, तर सॉकेट बदला. शे-दीडशे रुपयांचं काम आहे.

गेल्या हंगामात शेजारच्या गावात एका मुलाचा पीसी रोज दिवेलागणीच्या सुमाराला बंद पडायचा. त्यानं एसएमपीएस बदलून पाहिला, मग मदरबोर्ड परत पाठवायला निघाला. वायरमनला सोबत घेऊन घरातला मेन बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलच्या ॲल्युमिनियमच्या तारेवरचं प्लॅस्टिक तपकिरी, करपलेलं होतं; नखानं दाबलं तर पापडी सुटून आली. आत तार काळी पडलेली, स्क्रू पिळला तर दीड फेरा सहज फिरला. लोड कमी असताना तो सांधा कसाबसा करंट देत होता. कूलर, मोटर आणि पीसी एकत्र चालले की तापून सुटायचा, क्षणभर. तो क्षण इतका छोटा की फिरत्या फॅनलाही कळत नव्हता, पीसीला मात्र कळत होता. तार मागे कापून, घासून, नवीन लग (तारेच्या टोकाची पत्ती) लावून घट्ट केली आणि पीसी चालू लागला.

असं काम मेन स्विच पाडून वायरमननंच करायचं. मीटर, त्याचं सील आणि खांबापर्यंतची सर्व्हिस वायर यांना हात लावायचा अधिकार आपल्याला नाही, आणि ते जीवावर बेतू शकतं. तिकडे संशय असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. एक इशारा मात्र लक्षात असू द्या. घरातले काही दिवे अचानक फार तेज आणि काही मंद झाले, तर खांबावरचं किंवा थ्री-फेज जोडणीतलं न्यूट्रल सुटलेलं असू शकतं आणि सॉकेटमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. त्या क्षणी गेम सेव्ह करत बसू नका, मेन पाडा.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात

ही दुसरी नेहमीची तक्रार. अनवाणी पायानं शहाबादी फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. पोरं समजतात एसएमपीएस लीक झाला. सहसा तसं नसतं. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यातून येणारा अगदी थोडा करंट अर्थच्या तारेनं जमिनीत जावा, अशी रचना आहे. अर्थच नसेल तर तो जाणार कुठं? बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११०-११५ च्या आसपास, तरंगत राहते. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही, नवीनही तसाच झिणझिण्या देईल.

एवढं मात्र स्पष्ट सांगायला हवं की नुसतं अर्थिंग नसल्यामुळे पीसी गेममध्ये सहसा बंद पडत नाही. पण अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचं निम्मं काम संपतं, हेडफोनमध्ये घूं-घूं येतो, यूएसबीचा माउस मध्येच तुटतो, आणि डिश अँटेनाला जोडलेल्या टीव्हीत एचडीएमआय खुपसताना ठिणगी पडून पोर्ट जळू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच घरात लोखंडी कूलर चालतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं, लेकरं दगावतात. पीसीच्या निमित्तानं का होईना, घराचं अर्थिंग करून घ्या आणि मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा.

काळ्या मातीत अर्थिंगची एक वेगळी अडचण आहे. पावसाळ्यात ओल असते, अर्थ उत्तम लागतो. एप्रिलमध्ये जमीन भेगाळते, माती पाइपापासून सुटते आणि तोच अर्थ कुचकामी होतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असलं तरी उन्हाळ्यात त्यात आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी सोडलंच पाहिजे. आपल्या खारपाण पट्ट्यात माती खारी असल्यामुळे अर्थ लागतो लवकर, पण जीआय पाइप गंजतोही लवकर. काही वर्षांनी वरून तार दिसते आणि खाली पाइप खाऊन गेलेला असतो. इथं तांब्याचा मुलामा असलेला रॉड जास्त टिकतो. न्यूट्रल-अर्थ माप दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर चांगलं. फेज-अर्थ १००-१२० असं अधांतरी दाखवत असेल, तर अर्थ नाहीच समजा. मल्टिमीटर कधी फसवतो, म्हणून वायरमनला टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा; स्वतः ते करू नका.

यूपीएस, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ऑफिसच्या पीसीसाठी बनलेला आहे तो. आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं कार्ड आणि रायझन ५ ५६०० असेल, तर नवीन बॅटरीवर तो कसाबसा तग धरेल; कार्ड मोठं असेल तर लाइन जाताच यूपीएस किंचाळून पीसीसकट बंद. १००० किंवा ११०० व्हीए घ्या. ४५ अंशांच्या खोलीत शिशाची बॅटरी फार लवकर म्हातारी होते. २५ च्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळा उलटला की एकदा गेम चालू ठेवून प्लग काढून बघा.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल, तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड' आणि 'इन्व्हर्टर मोड' किंवा 'इको' असा स्विच बहुतेक असतो. तो यूपीएसवर हवा, नाहीतर लाइन गेल्यावर बदल व्हायला इतका वेळ लागतो की तोवर एसएमपीएस बंद पडतो. एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण लोडवर साधारण १५-१७ मिलिसेकंदच तग धरतो, स्वस्त असेल तर त्याहून कमी. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर गेमिंग पीसी त्यावर लावूच नका. रिलेवाला स्टॅबिलायझर 'टक' करतो आणि नेमका त्याच क्षणी पीसी रिस्टार्ट होतो, असं जुळत असेल तर स्टॅबिलायझर काढून, १००–२४० चा एसएमपीएस आणि चांगला लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज स्वतः सुधारणारा) यूपीएस यावर पैसा घाला.

मे महिना, कूलर आणि कापूस

व्हिडिओत दाखवलेलं तापमान २५ अंशांच्या खोलीतलं असतं. तिथं प्रोसेसर ७५ वर असेल, तर टिनाच्या छताखाली ४२ अंशांच्या खोलीत तोच पीसी ९२ च्या आसपास जाणार; खोली जितकी तापलेली, तितकं वर चढणार. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. तिथं पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे उष्णतेनं गेम संथ होणं समजू शकतं, पण थेट बंद होत असेल तर बहुतेक वेळा हीटसिंक नीट बसलेला नसतो. पहिल्याच बिल्डमध्ये दोन गोष्टी हमखास राहतात. हीटसिंकच्या तळाची पारदर्शक पन्नी काढायची राहते, आणि इंटेलच्या कूलरच्या चारपैकी एक पिन मदरबोर्डच्या मागून पूर्ण बाहेर आलेली नसते. मागून बघा, चारही सारख्या दिसल्या पाहिजेत.

एसएमपीएसही तापून तुटतो, आणि त्याचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो खाली असतो आणि त्याचा पंखा तळाकडून हवा ओढतो. कॅबिनेट सतरंजीवर, गादीवर किंवा जाड टेबलक्लॉथवर ठेवलं की त्याचा श्वासच कोंडतो. दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा.

कॅबिनेट हवेसाठी कसं आहे ते तपासायला पुढचं पॅनल काढून गेम खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर ती समोरची काच हवा अडवते आहे. दिव्यांच्या झगमगाटापेक्षा जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट आपल्या हवामानात दहापट कामाचं, यात मला काहीच शंका नाही.

कूलरचा झोत पीसीवर सोडू नका. खोलीला कूलर हवाच, पण पीसी झोताच्या बाजूला, पाच-सहा फूट दूर ठेवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं आहे. वाळा किंवा वूडवूल जुनं झालं की कूलरमधून बारीक तुषार येतात, आणि काही दिवसांत कॅबिनेटवर पांढरी झाक चढते. तीच झाक आत मदरबोर्डवरही बसते. त्यावर धूळ, त्यावर ओल, आणि मग अशा चुका सुरू होतात ज्यांचा कुठं मागमूस लागत नाही. कूलर आणि पीसी एका एक्स्टेन्शनवर तर नकोच. कूलरची मोटर बंद-चालू होताना लाइनला धक्का बसतो.

आता धूळ. सोयाबीन थ्रेशरमधून निघताना कुटाराचा फुफाटा घरभर होतो, आणि दिवाळीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच एका खोलीत रचलेला असतो. पीसी त्याच घरात चालतो. जाळीवरची धूळ दिसते म्हणून आपण ती झटकतो. खरी अडचण हीटसिंकवर असते, पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधल्या फटीत. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, सगळं स्वच्छ वाटतं. पंखा सोडवून उचलला की खाली कापसाच्या तंतूंचा करड्या रंगाचा सलग थर निघतो. कडेला बोटानं धरून ओढला तर नमद्याच्या तुकड्यासारखा अख्खा उचलून येतो. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांखालीही तेच. मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर वापरा, ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. गॅरेजमधला ट्रॅक्टरचा कंप्रेसर वापरू नका. त्याच्या हवेबरोबर पाणी आणि तेल येतं.

आणि ऐन मे महिन्यात खेळायचंच असेल तर फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के करा. खेळण्यात फारसा फरक जाणवत नाही, कार्ड मात्र बरंच थंड राहतं.

कॅबिनेटच्या आत

याच पॉवर लिमिटचा निदानासाठीही उपयोग आहे. ती ६० टक्क्यांवर आणून गेम तासभर चालवा. बंद पडणं थांबलं, तर बहुतेक एसएमपीएस किंवा त्याच्या केबल कमी पडताहेत.

केबलचं बघायचं ते असं. प्रोसेसरची आठ पिनची केबल मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात अडचणीत असते, ती 'कट्' आवाज येईपर्यंत गेलेली असते का बघा. कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न लावता एसएमपीएसकडून दोन वेगळ्या केबल न्या. आठ पिनच्या एका जोडणीतून १५० वॅट आणि स्लॉटमधून ७५ असा हिशेब आहे. मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. तोंड बसतं, पण पिनांची जोडणी वेगळी असते आणि एसएसडीपासून कार्डापर्यंत काहीही जळू शकतं.

कॅबिनेटबरोबर आलेला लोकल '५०० वॅट' एसएमपीएस असेल तर लेबलवर १२ व्होल्टखालचे अँपिअर वाचा. प्रोसेसर आणि कार्ड तिथूनच जेवतात. तिथं १८ लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅटच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथं ४५ च्या आसपास आकडा असतो.

रॅम दोन असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. निळ्या स्क्रीन येत असतील तर बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वाढीव वेग) बंद करून बघा, मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावा. एक चूक दिसली तरी रॅम बदलायची. रात्रभर लाइन राहील अशी रात्र मात्र निवडा.

कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर

दुसऱ्या डीपीवर बंद पडला, तापमान ठीक होतं, केबल बरोबर होत्या, आणि मित्राचा एसएमपीएस किंवा कार्ड लावल्यावर त्रास गेला, तर पार्ट खरोखर खराब आहे. आता बिनधास्त पाठवा. सर्व्हिस सेंटर बहुतेक नागपूरला किंवा त्याहून लांब असतं, आणि तिथले लोक दहा मिनिटं पीसी चालवून 'प्रॉब्लेम दिसत नाही' म्हणून परत करू शकतात. म्हणून पार्टबरोबर चिठ्ठी द्या: कोणता गेम, किती वेळानं बंद पडतो, कोणत्या तऱ्हेनं, बंद पडताना एचडब्ल्यूइन्फोची शेवटची ओळ काय होती, घरचं व्होल्टेज गेम चालताना किती होतं, दुसऱ्या घरी काय झालं आणि कोणता पार्ट बदलल्यावर थांबलं. बंद पडतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्या. जीएसटीचं बिल, सीरियल नंबरचा फोटो आणि मूळ खोकं जपून ठेवा, आणि कुरिअरला देण्याआधी पार्टाचा चारही बाजूंनी फोटो काढा. वाटेत पिन वाकली तर ती आपल्याकडून वाकली नाही, हे दाखवता आलं पाहिजे.